दाराला हात लावू नये

१४ सप्टेंबर, रविवार

राउटर आणला. पांढरा, चार शिंगांचा. शिंगं पिशवीत मावेनात, त्यामुळे दुकानापासून घरापर्यंत अख्ख्या संत तुकाराम नगरने तो पाहिला.

सुमन दारातच आडवी. "पितृपंधरवड्यात नवी वस्तू आणलीत?"

मी म्हटलं, "वस्तू नाही, स्पेअर पार्ट आहे."

बायको गप्प बसली. असा प्रसंग वर्षातून एखादा येतो, म्हणून आधी तो लिहून ठेवला.

आता मूळ कारण. आमचा सुजित चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे आणि सूनबाई रुपाली माण गावच्या आयटी कंपनीत. लग्न मे महिन्यात झालं. रुपालीला आठवड्यातले काही दिवस घरून काम करता येतं. पण मॉडेम हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशी, आणि त्यांची खोली पार आत. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. मिटिंग सुरू झाली की पोरीचा चेहरा स्क्रीनवर थिजतो, तोंड उघडं ते उघडंच. मग ती लॅपटॉप उचलून हॉलमध्ये येते, आणि हॉलमध्ये मी असतो. मार्चमध्ये रिटायर झालो, तेव्हापासून मी हॉलमध्येच असतो.

काल जेवताना सुजित ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, आम्ही ताथवड्याला भाड्याने घर बघतोय. तिला माण जवळ पडेल. इथे नेटचा फार त्रास होतो. पंधरवडा संपला की दसऱ्याच्या आसपास ठरवू."

पुढचा घास गिळायला मला पाणी लागलं.

पोरांनी जाऊ नये. एवढंच. त्यांना हे मी म्हणणार नाही, इथे लिहितो. कंपनी सुटली, आता पोरं गेली तर घरात उरणार मी आणि सुमन. आमचं बोलणं म्हणजे भांडण. भांडूनही माणूस किती भांडणार?

पण कारण नेट असेल तर नेटचं मी बघतो. सगळी नोकरी मी मेंटेनन्समध्ये काढली, कॉम्प्रेसर आणि हवेच्या लाइनी सांभाळल्या. हवा काय नि नेट काय. एका टोकाला तयार होतं, पाइपातून जातं, दुसऱ्या टोकाला प्रेशर मिळालं पाहिजे. मिळालं नाही तर कुठेतरी लीक आहे, दुसरं काही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

लाइन टाकली. मॉडेमपासून भिंतीच्या कडेने, सोफ्याच्या मागून, थेट पोरांच्या खोलीत. तिथे टेबलावर राउटर. एकही खिळा नाही, सगळ्या क्लिपा चिकटवलेल्या. कंपनीत अशी सुबक लाइन टाकली असती तर साहेबाने फोटो काढला असता.

अडलं ते दारात. भिंतीला भोक पाडावं तर ती भिंत लग्नासाठी गुलाबी रंगवलीय, आणि मीच सगळ्यांना बजावलंय की हिच्यात कॅलेंडरचा खिळासुद्धा ठोकायचा नाही. दाराखालून न्यावी तर दार फरशीला घासतं. म्हणून सरळ चौकटीतून नेली. आता दार लावलं तर केबल चेपणार. म्हणून दार सताड उघडं केलं, खाली लाकडाची पाचर ठोकली आणि कडीला माझा लाल टॅग अडकवला.

कंपनीत मशीन दुरुस्तीला काढलं की त्याला असा टॅग लावतात. 'काम चालू आहे. हात लावू नये.' ज्याने लावला त्यानेच काढायचा, मग मॅनेजर येवो नाहीतर मालक येवो. एक टॅग मी आठवण म्हणून घरी आणला होता. त्यावर पेनाने 'दाराला' एवढं वाढवलं.

सुमनने कमरेवर हात ठेवून सगळं बघितलं. म्हणाली, "चांगली पाचर मारलीत हो!"

तिच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मिळच. बरं वाटलं.

राउटर मात्र चालू झाला नाही. लाल दिवा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लाल दिवा. मॉडेम बंद केला, चालू केला. राउटर बंद केला, चालू केला. मग आधी मॉडेम, नंतर राउटर. मग उलट. लाल तो लालच.

राउटरला मागे भोकं आहेत. चार पिवळी, एक निळं. मी केबल पिवळ्यात घातलीय, कारण पिवळी जास्त आहेत म्हणजे कामाची तीच. रुपाली कामावरून आली, वाकून बघत म्हणाली, "बाबा, मॉडेमकडून येणारी केबल निळ्यात असते बहुतेक..."

"तू दमून आलीस, चहा घे. मी आहे ना," म्हटलं.

ती बिचारी लगेच गेली. पोरगी गुणी आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी उठून बघतो तर हिरवा दिवा! केबल निळ्या भोकात. झोपायच्या आधी मीच घातली असणार. आठवत नाही, पण जुन्या मेंटेनन्सवाल्याचं असंच असतं, डोक्याच्या आधी हात चालतो.

नेटला नाव दिलं 'मेंटेनन्स'. रुपालीने आतल्या खोलीत बसून अख्खी मिटिंग केली, एकदाही थिजली नाही. ते मी स्वतः बघितलं, दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. तिच्या साहेबाने विचारलं, मागे कोण आहेत? मीच पुढे होऊन सांगितलं, "मी ज्योतीराम, सासरा. आवाज नीट येतोय ना?" फार सभ्य माणूस आहे.

संध्याकाळी सुजित म्हणाला, "मस्त झालं बाबा. फक्त रात्री ती केबल काढून ठेवली तर? म्हणजे... दार..."

"रोज काढघाल केली की पिन ढिली होते," म्हटलं. "पुन्हा लाल दिवा लागला तर?"

तो "बरं" म्हणाला. ताथवड्याचा विषय मिटला असं समजायला हरकत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मशीन बसवलं म्हणजे काम संपलं असं नसतं. रोज राउंड मारावा लागतो. सकाळी सहाला मी मोबाइल घेऊन पोरांच्या खोलीत जातो आणि सिग्नलचं रीडिंग घेतो. राउटरपाशी, खिडकीपाशी, पलंगाच्या पायथ्याशी. चपला बाहेर काढतो, झोपमोड नको.

रुपालीला थंडी फार बाधते असं दिसतं. डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपते. सुमनला म्हटलं, पोरीला जाड रजई काढून दे. सुमनने माझ्याकडे अशी नजर टाकली की काय विचारता. रजईचं नाव काढलं की हिला वर चढून माळा उपसावा लागतो, त्याचा राग.

२१ सप्टेंबर, रविवार

रुपालीने दाराला पडदा लावला. छान होता, निळा, मोरांचा. पण त्याची झालर केबलवर यायची. पाय अडकला तर केबल तुटायची, पोरगी पडायची. मी तो वर दुमडून चिमटे लावून टाकले. आता मोकळं, हवेशीर झालं.

जेवताना सुमन म्हणाली, "शहाण्याला शब्दांचा मार."

मी म्हटलं, "बरोबर आहे, म्हणून मी कामगारांशी कमीच बोलायचो."

सुजितला ठसका लागला. रुपालीने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, पण हसत ती पण होती. चला, हसतायत म्हणजे रमलेत.

२४ सप्टेंबर, बुधवार

सुमन दोन दिवस मागे लागलीय. "अहो, त्या दाराचं काहीतरी बघा. दाराचं बघा." आज बघितलं. बिजागऱ्या सुकल्या होत्या. तेल घातलं, आता लोण्यासारखं फिरतं. म्हणजे पाचर काढली तर फिरेल. तिला बोलावून दाखवलं, तर म्हणाली, "तुमच्यापुढे हात टेकले." एवढ्याशा तेलाचं इतकं कौतुक करायची गरज नव्हती.

दुपारी वरच्या मजल्यावरचे रंगराव आले. कंपनीत आम्ही एकाच शॉपमध्ये कामाला होतो. मूळचे मावळातले, बोलणं अजून तसंच. सगळी लाइन फिरून दाखवली. टॅगपाशी ते थांबले. टॅग वाचला, दार बघितलं, आतला पलंग बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काम लई झ्याक हाय, ज्योतीराम. पर आतल्या मानसांना इचारलंस का, त्यांस्नी काय तरास न्हाई ना?"

"त्रास कसला? पंखा आहे, खिडकी आहे, नेट आहे."

"व्हय, ते बी हायच," म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत बसले. रंगरावांना या नव्या गोष्टी झेपत नाहीत.

२८ सप्टेंबर, रविवार

पोरं काल सकाळी लोणावळ्याला गेली, आज येतील. भर नवरात्रात, घरात घट बसलेले असताना कोण लोणावळ्याला जातं? सुमन काही बोलेल असं वाटलं होतं. उलट तिनेच डबा भरून दिला आणि म्हणाली, "सावकाश या. घाई करू नका."

घर एवढं गार वाटलं. राउटरचा हिरवा दिवा बघत बसलो. आत कोणीच नाही आणि हा आपला दिमाखात चालू. मनात आलं, ताथवड्याला गेले तर रोज असंच. मग उठून उगाच क्लिपा दाबत बसलो.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल संध्याकाळी दोघं आली तेव्हा चेहरे फुललेले. आज पुन्हा कोमेजलेले. मला काही कळत नाही. सुजित फोन घेऊन गच्चीवर गेला आणि बराच वेळ बोलत होता. खाली आल्यावर विचारलं, कोण? म्हणाला, "असाच, एजंट." कसला एजंट ते विचारायचं धाडस झालं नाही.

आणखी एक गोष्ट. ताथवड्याहून माण जवळ, हे मान्य. पण चाकण उलट लांब पडतं. इथून सुजितला कंपनीची बस कोपऱ्यावर मिळते. मग रुपालीपेक्षा यालाच जायची घाई का? नेटमध्ये अजून दोष असणार. तोच मला सापडत नाहीये. रीडिंग तर झकास येतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आजचं सगळं लिहितो.

सकाळी हत्यारांची पूजा केली. पाटावर ड्रिल मशीन, पाने, हातोडी, पक्कड. मॉडेम आणि राउटरला झेंडूची माळ. कुंकू रुपालीने लावलं. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, ते विसाव्याला असतं. कंपनीत एका खंडेनवमीला लाइन फुटली होती, साहेब हात जोडत होता, तरी मी पाना उचलला नव्हता. नेम म्हणजे नेम.

संध्याकाळी सुजित कंपनीतून पूजेचे पेढे घेऊन आला. एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, उद्या ताथवड्याच्या घराची किल्ली घेतोय. दसऱ्याचा मुहूर्त आहे. अकराला घरमालक येतील."

पेढा तसाच हातात राहिला.

"का रे? नेट चांगलं नाही?"

"चांगलं आहे."

"रुपाली, तू सांग."

"नेट छान आहे बाबा. ऑफिसपेक्षा छान आहे."

"मग घोडं अडलंय कुठे?"

सुजित फरशी बघतोय, रुपाली माळेतला झेंडू कुस्करतेय. दोघांचे कान लालभडक.

मला राहवलं नाही. म्हटलं, "माझं काही चुकलं असेल तर सांगा. माझा आवाज मोठा आहे, मशिनींमध्ये राहून झालाय तसा. कमी करीन. पण घर सोडून जाऊ नका रे. तुम्ही गेलात तर मी काय करू इथे?"

असं सरळ निघून गेलं तोंडातून. सुजितने मान वरच केली नाही. रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पदर... म्हणजे ओढणी तोंडाला लावून आत गेली. आत जाऊन तरी कुठे जाणार? पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली, ते मला सोफ्यावरून दिसत होतं. डोळे पुसत होती, तेही दिसत होतं. मीच मान फिरवली.

सुमनने माझं मनगट धरलं आणि स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"कळलं का तुमचं प्रेशर कुठे जातंय?"

"कुठे?"

"अहो, दार! इतके दिवस दार सताड उघडं! आतलं सगळं हॉलमध्ये येतंय. लीक आहे हो, लीक! कंपनीत टाकीचं झाकण उघडं ठेवून हवा भरायचात का कधी?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस मी पाइप तपासत बसलो, पिना तपासल्या, आणि टाकीचं झाकण उघडं! मला, ज्योतीरामला, हे कळू नये?

"तू आधी का नाही बोललीस?"

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

इलाज एकच. भिंतीला भोक, केबल त्यातून, दार बंद. आणि आजच, कारण उद्या अकराला किल्ली हातात पडली की संपलं. पण ड्रिल पाटावर. हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. मी पाटासमोर उभा. नेम मोडू? वडिलांनी मोडला नाही, मी मोडला नाही. आणि पलीकडे ती पोर रडत बसलेली.

उचललं. सुमनने मागून ड्रिलला हात जोडले. "रागावू नकोस रे बाबा, लेकरांसाठी आहे."

घर्र करून भिंतीत घातलं. गुलाबी रंगाचा भुगा फरशीवर सांडला. भोक मोठं लागलं, पिन जायला हवी ना. सुजित धावत आला, "बाबा, भिंत! बाबा, आज खंडेनवमी!" म्हटलं, "भिंत गेली उडत. केबल धर त्या बाजूने." त्याने धरली. पलीकडून रुपालीने ओढून घेतली. निळ्या भोकात तिने ती न विचारता खटकन बसवली. हुशार आहे, माझं बघून बघून शिकली.

मग पाचर काढली. टॅग काढला. पडद्याचे चिमटे काढले. पोरं आत होती, मी बाहेरून दार ओढलं. खाली जरासं घासलं, पण लागलं. आतून कडी पडली.

हॉलमध्ये रीडिंग घेतलं. आधी जेवढं होतं त्याहून कमी! सुमनला मोबाइल दाखवला. "बघ, इकडचा सिग्नल पडला. म्हणजे बाहेर येणारं थांबलं. लीक बंद!"

"झालं एकदाचं," ती म्हणाली, आणि खाली बसून गुलाबी भुगा गोळा करू लागली.

जेवायच्या वेळी दार उघडलं. किल्लीबद्दल कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. भीती वाटली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सहाला राउंडला निघालो. दार बंद. कडीकडे हात नेला आणि मागे घेतला. प्रेशर भरायला लावलेली टाकी मध्येच उघडायची नसते.

आठ वाजले, दार बंद. नऊ वाजले, बंद. सुमन तोरणं बांधत होती, तिला म्हटलं, पोरांना अकराला ताथवड्याला पोचायचंय, उठवायला नको? जायचंच असेल तर मुहूर्त तरी चुकू नये.

ती म्हणाली, "टकटक करा. आत जाऊ नका."

टकटक केली. स्वतःच्या घरात दारावर टकटक करायची माझी ही पहिलीच वेळ. आत जरा कुजबुज झाली, मग सुजितचा झोपेतला आवाज आला.

"बाबा, आम्ही नाही जात. घरमालकांना काल रात्रीच मेसेज केला. इथेच राहतोय. थोडं झोपू द्या ना."

"आणि थँक यू बाबा," ही रुपाली.

मी तसाच दारापुढे उभा. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. "झोपा, झोपा," एवढंच म्हणालो, आणि ते इतक्या हळू म्हणालो की मला माझाच आवाज ओळखू येईना.

मागे वळलो तर सुमन तोरण हातात धरून उभी. "काय म्हणतात?"

"राहतायत."

ती मटकन सोफ्यावर बसली. मी शेजारी बसलो. म्हटलं, "बघ, दोष एकदा सापडला की निम्मं काम झालं. मी तर म्हणतो, आता सगळ्या खोल्यांची दारं बंदच ठेवू. आपलं पण."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावला, तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी, तोरण मांडीवरून खाली, "अहो... अहो..." याच्यापुढे शब्द फुटेना. तिला बघून मग मलाही हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. आतून सुजित ओरडला, "काय झालं?" आम्ही दोघंही उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हतो.

ती कशाला हसत होती ते तिने अजून सांगितलेलं नाही. आम्ही दोघं असे एकत्र शेवटचं कधी हसलो होतो, तेही मला आठवत नाही.